दोन टोल्यांमधलं अंतर

मी एक मासा पुसून टाकला.

मासा म्हणजे माशाची ओळ. रात्री दोन वाजून सतरा मिनिटं, खाडीच्या मुखाशी पाण्यात टांगलेला, टॅगचे आवाज टिपणारा शेवटचा रिसीव्हर, आणि त्यापुढे माशाच्या पोटात बसवलेल्या टॅगचा लांबलचक नंबर, ज्याचे शेवटचे चार आकडे ४४१७. तशा हजारो ओळी समोर होत्या आणि त्यांतल्या खोट्या वेचून बाजूला काढणं एवढंच माझं काम. नियम सोपा आहे, माशांच्या मागावर असणारे बहुतेक जण थोड्याफार फरकानं तोच पाळतात. एखादा नंबर चोवीस तासांत एकदाच ऐकू आला, मागेपुढे त्याची चाहूलही नाही, तर ती नोंद संशयास्पद धरायची. ४४१७ त्याआधी सात आठवडे कुठेच नव्हता. नंतरही नव्हता. मी त्या ओळीवर आले, बाजूच्या रकान्यात ‘खोटी’ निवडलं आणि खाली सरकले. दोन सेकंदही लागले नसतील. मूळ फाईलला कुणी हात लावत नाही, ती तशीच जपून ठेवलेली असते, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर काहीच पुसलं गेलं नाही. पण नकाशे निघतात ते साफ केलेल्या फाईलवरून. त्या नकाशात ४४१७ची रेघ वरच्या गोड्या पाण्यातून निघते, दोन वळणं खाली येते आणि मध्येच थांबते. बोलता बोलता कुणी उठून जावं, तशी.

हे विसरून जायला हवं होतं. विसरलेही होते. मग काही महिन्यांनी एका रात्री डोळा लागता लागता दोन-सतरा हा आकडा कुठूनसा वर आला आणि झोप गेली. जिना उतरताना एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथे जमीनच लागावी, तसं काहीसं झालं. काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं, पण काय, ते कळत नव्हतं.

खरी अडचण अशी की ४४१७ला मी पाहिलं होतं. बाकीचे नंबर माझ्याकडे नंबर म्हणूनच येतात. पण तो टॅग बसवला त्या दिवशी एक माणूस कमी पडला, म्हणून पाण्याची नळी धरायला मला उभं केलं. अडीच वितीचा जिताडा. लवंगेच्या तेलाचे थेंब टाकलेल्या पाण्यात त्याला ठेवलं, तेव्हा आधी तो कावराबावरा झाला, मग सुस्तावला आणि हळूच एका अंगावर कलंडला. ओल्या स्पंजच्या खाचेत त्याला उताणा निजवला. कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवायचं आणि नळी हलू द्यायची नाही, एवढंच मला सांगितलं होतं. पोटावर एक छोटी चीर, तीतून अंगठ्याएवढा गुळगुळीत दांडा आत सरकला, वर दोन टाके. तीन-चार मिनिटांत सगळं उरकलं. टॅगचं वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत असावं असा जुना ठोकताळा आहे, इथे ते बरंच आत होतं. तक्त्यात लिंगाच्या रकान्यात कुणीतरी ‘नर’ लिहिलं आणि पुढे ‘सध्या’ असं जोडलं, तेव्हा सगळे हसले. जिताडा पहिली काही वर्षं नर असतो आणि अंगानं वाढला की मादी होतो. म्हणजे वरच्या पाण्यात सापडतो तो बहुधा ‘तो’, आणि पुढे खारटाला भेटते ती थोराड ‘ती’. मराठी क्रियापदांची मोठीच पंचाईत. शुद्धीवर आणताना मी त्याला दोन्ही हातांवर पाण्यात धरून ठेवलं होतं. विजेरीच्या झोतात त्याचा डोळा निखाऱ्यासारखा पेटलेला दिसायचा. आधी हातावर नुसता जडपणा होता. मग त्या जडपणात कुठेतरी एक शिरशिरी आली, आणि पुढच्या क्षणी हात रिकामे. तो केव्हा निघाला ते मला दिसलं नाही, हातांना मात्र कळलं.

एखाद्या नंबराला वजन असलं की त्याच्यापुढे ‘खोटी’ लिहिणं जड जातं. तेव्हा गेलं नव्हतं. आता जातंय.

हे टॅग कसे बोलतात ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. खारं पाणी रेडिओलहरी गिळून टाकतं. नदीत रेडिओचा टॅग छान चालतो, खाऱ्या पाण्यात तो मुका होतो. दोन्ही पाण्यांत राहणाऱ्या माशाला म्हणून आवाजच द्यावा लागतो. ४४१७च्या पोटात तो होता, ६९ किलोहर्ट्झचा, माणसाच्या कानाला जेमतेम ऐकू येतं त्याच्या तिपटीहून वरचा. साधारण दोन मिनिटांनी एकदा टोल्यांची एक छोटी माळ, तीन-चार सेकंदांची, मग पुन्हा गप्प. दोन मिनिटं ही सरासरी. प्रत्येक खेपेला थोडं आधी किंवा थोडं उशिरा, आणि तेही मुद्दाम, नाहीतर एकाच सुरात लागलेले दोन मासे जन्मभर एकमेकांच्या बोलण्यात बोलत राहतील. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की नंबर टोल्यांत नसतो. टोले सगळे सारखे. नंबर असतो दोन टोल्यांमधल्या अंतरात. एवढा वेळ गप्प, मग जरा जास्त वेळ गप्प, मग अगदी थोडका वेळ, अशा शांततांच्या क्रमावरून रिसीव्हर ओळखतो की हा कोण. म्हणूनच त्याची फसगतही होते. दोन मासे जवळजवळ असले आणि एकाच्या माळेत दुसऱ्याची माळ अडकली, तर दोघांच्या टोल्यांमधून भलतीच अंतरं तयार होतात आणि त्यांतून कधी कधी तिसऱ्याच माशाचा नंबर निघतो. जो तिथे नाहीच, कदाचित शेकडो मैलांत नाही. दोन खऱ्या माशांच्या बोलण्यातून जन्मलेला एक भुताचा मासा. ही भुतं उतरवणं हे माझं काम. पगाराच्या कागदावर त्याला वेगळं नाव आहे.

रिसीव्हर म्हणजे हातभर लांबीची एक नळकांडी. आपण लावतो ते श्रवणयंत्र लहान असतं, हे मोठं आणि जास्त बहिरं. वजन बांधून, तरंगता गोळा लावून त्याला खाली सोडायचं आणि काही महिन्यांनी वर काढायचं. वर येतं तेव्हा ते यंत्र वाटत नाही. शेवाळ, चिखल, बार्नेकलचे धारदार कडे, त्यांत लपलेले नखाएवढे खेकडे. ते खरवडल्याशिवाय आतलं काही कळत नाही. खरवडण्याचा तो आवाज आणि कुजलेल्या शेवाळाचा उग्र दर्प दोन दिवस बोटांना राहतो. बोटीवर जे काका असतात, त्यांना या कामाची थोडी मजा वाटते आणि थोडी कीव येते, असा माझा अंदाज आहे. एकदा त्यांनी विचारलं, “ताई, हे खाली बसून करतं काय?” मी म्हटलं, ऐकतं. मासा जवळून गेला की लिहून ठेवतं. ते जरा वेळ दोर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे हे दारात बसलंय. आणि मासा खिडकीनं गेला तर?”

मी हसले. उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते माझ्याकडे होतंही. एका रांगेत रिसीव्हर लावले की एकाच्या ऐकण्याची हद्द दुसऱ्याच्या हद्दीला भिडते, पाण्याला या काठापासून त्या काठापर्यंत पडदा टाकल्यासारखं होतं, वगैरे. पण काकांचा प्रश्न पडद्याचा नव्हताच. आपण माशाला दारापुरतं ओळखतो, असं ते म्हणत होते. या दारात दिसला, मग त्या दारात. मधलं आपण रेघ मारून भरून काढतो आणि त्या रेघेला प्रवास म्हणतो.

अशी रेघ मारण्यात माणसाइतका वाकबगार प्राणी दुसरा नसेल. ईल या सापासारख्या लांबुडक्या माशाचंच बघा ना. युरोपातल्या नद्या, तळी, खाड्या ईलनं भरलेल्या, पण कुणाला कधी अंडी दिसली नाहीत की पिल्लं. ॲरिस्टॉटलनं सांगून टाकलं की ते चिखलातूनच उपजतात. पुढे दोन हजारांहून जास्त वर्षांनी, १८७६ साली, सिग्मंड फ्रॉईड नावाचा विशीतला विद्यार्थी त्रिएस्तला बसून सुमारे ४०० ईल कापत राहिला. नराची जननेंद्रियं शोधत. हाती जे लागलं त्याची त्याला स्वतःलाच खात्री देता आली नाही. नंतर तो मनाच्या वेगळ्याच अंधारात उतरला हे आपल्याला माहीत आहे, पण सुरुवात या निसरड्या अंधारापासून झाली होती. मग योहानेस श्मिट हा डॅनिश शास्त्रज्ञ. १९०४ साली फेरो बेटांच्या पश्चिमेला त्याच्या जाळ्यात ईलचं एक पारदर्शक, पानासारखं चपटं पिल्लू आलं, आणि या माणसानं पुढची जवळजवळ वीस वर्षं एकच काम केलं. अटलांटिकभर फिरून आणखी लहान, आणखी लहान पिल्लू शोधायचं. जिथे सगळ्यात लहान मिळेल तिथे जन्म. पिल्लं लहान लहान होत अटलांटिकमधल्याच सारगॅसो समुद्रात पोचली. मासा जिकडे जातो तिकडे न बघता तो जिकडून आला ती बाजू पकडून उलटं चालत जाणं, हे मला फार मोठं वाटतं. पण त्यातही मधलं कुणी पाहिलं नव्हतंच. पोट आटलेला, डोळे मोठे झालेला, आता काहीही न खाणारा मोठा ईल नदीच्या मुखातून समुद्रात शिरतो इथपर्यंत माहिती, आणि तिकडे हजारो किलोमीटरवर पिल्लं. मधे रेघ. अझोर बेटांजवळ सोडलेल्या, उपग्रहाशी बोलणारे टॅग लावलेल्या काही ईल सारगॅसोत पोचल्याचं छापून आलं ते २०२२ साली. श्मिटच्या निष्कर्षानंतर शंभर वर्षांनी. आणि अंडी घालताना त्यांना कुणी पाहिलं का? नाही.

हे वाचलं तेव्हा वाटलं, त्या टॅग लावलेल्या ईलपैकी एखादीची ओळ कुणीतरी ‘खोटी’ म्हणून बाजूला काढली असेल का?

लोकांना वाटतं ऋतू म्हणजे तारखा. माशांच्या बाबतीत तरी तसं नाही, निदान मी ज्या ओळी चाळते त्यांत तसं दिसत नाही. आठवडेच्या आठवडे एखादा नंबर एकाच रिसीव्हरपाशी घुटमळत राहतो, नोंदींचा नुसता गाळ साचतो. मग वर पाऊस होतो, पाण्याचा रंग बदलतो, खारटपणा उतरतो, आणि एका रात्रीत तो नंबर चार रिसीव्हर ओलांडून जातो. कॅलेंडरचं पान त्यात कुठेच नसतं. २००१ च्या सप्टेंबरात फ्लोरिडाच्या टेरा सिया उपसागरात संशोधक ब्लॅकटिप शार्कच्या पिल्लांवर अशीच पाळत ठेवून होते. गॅब्रिएल नावाचं वादळ जवळ येऊ लागलं, हवेचा दाब उतरला, आणि वादळ किनाऱ्याला थडकायच्या आत ती पिल्लं उथळ पाणी सोडून खोल पाण्यात निघून गेली. वादळ ओसरल्यावर परतही आली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी जन्मात पहिल्यांदाच वादळ पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे काय, अंगानं ऐकलं होतं. उत्तर समुद्रातला प्लेस नावाचा चपटा मासा तर आणखी चतुर. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या लोवस्टॉफ्टच्या संशोधकांनी बोटीतून एकेका माशाचा पाठलाग केला तेव्हा कळलं की हा फारसा पोहतच नाही. आपल्याला हवी त्या दिशेची भरती-ओहोटीची ओढ सुरू झाली की तळ सोडून मधल्या पाण्यात येतो आणि वाहू देतो, ओढ उलटली की तळाशी वाळूत बसून राहतो. सहा तास प्रवास, सहा तास मुक्काम. खाडीत येणारी-जाणारी कितीतरी पिल्लं हीच युक्ती करतात. भरतीची वाट बघणं हासुद्धा प्रवासाचाच भाग आहे, हे मला कुणी लहानपणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि वाट बघण्याचं कारण नुसतं ओढीचं नाही, शरीराचंही आहे. गोड्या पाण्यात मासा पाणी पीत नाही, ते त्वचेतून, कल्ल्यांतून आपसूक आत शिरत राहतं आणि त्याला ते सारखं बाहेर टाकावं लागतं. समुद्रात नेमकं उलटं. शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्र पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे टाकतो. या पाण्यातून त्या पाण्यात जायचं म्हणजे आतला सगळा कारभार उलटा फिरवायचा. जिताड्यासारखे मासे हे बऱ्यापैकी झटपट करतात, काहींना मुखाशी थांबून सवय करून घ्यावी लागते. नकाशावर हे थांबणं एका ठिपक्याचं दिसतं. आम्ही त्याला मुक्काम लिहितो. आत काय उलथापालथ चाललेली असते ते मासाच जाणे.

माशाची स्वतःची एक नोंदवही असते, हे मला या कामात बरंच उशिरा कळलं. कानात असते. तोल सांभाळायला माशाच्या कानात चुन्याचे छोटे खडे असतात, त्यांवर रोज एक थर चढतो. जॉर्जिओ पानेला यांनी १९७१ साली हे रोजचे थर दाखवून दिले, तोपर्यंत लोक वर्षांची वलयंच मोजत होते. हाडातलं कॅल्शियम गरज पडली की शरीर परत काढून घेतं, या खड्याला मात्र हात लावत नाही. एकदा लिहिलं ते लिहिलं. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम सहसा जास्त, नदीत कमी, त्यामुळे त्या थरांत माशानं कोणत्या वयात कुठलं पाणी भोगलं तेही उतरतं. एका मैत्रिणीनं मला असा एक काप सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. मधे एक काळसर बिंदू, तो जन्म, आणि त्याभोवती दाटीवाटीनं वर्तुळं, काही ठळक, काही पुसट. मी कितीतरी वेळ डोळा काढला नाही. तिनं सांगितलं की जिताड्यांचे खडे वाचायला लागल्यावर एक गंमत पुढे आली. सगळे जिताडे नदीत जातच नाहीत. काही जन्मापासून खाऱ्यातच राहतात, ज्या गोड्या पाण्याच्या सफरीवर आम्ही त्या जातीची ओळख बेतली तिच्याकडे ते फिरकतही नाहीत. न जाणाऱ्यांचे नकाशे कुणी काढत नाही, कारण न जाण्याची रेघ काढता येत नाही. ते सगळं ऐकून घेतल्यावर मी विचारलं, हा खडा काढायचा कसा? ती म्हणाली, “मारून.”

म्हणजे जिवंत माशाकडून तुकडे मिळतात आणि पूर्ण हकीकत मिळते ती मेल्यावर.

टॅग लावणं त्यापेक्षा बरं, असं मी मनाला समजावते. बहुतेक मासे एवढ्या वरचा आवाज ऐकतच नाहीत, पोटातली टिकटिक त्यांच्या गावीही नसते. पण बहुतेक म्हणजे सगळे नाहीत. अमेरिकन शॅड हा समुद्रातून नदीत चढणारा मासा. १९९७ साली असं दाखवण्यात आलं की तो १८० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू शकतो, बहुधा डॉल्फिनच्या चाहुलीसाठी. अशा माशाच्या पोटात टॅग ठेवला तर? दर दोन मिनिटांनी, आतून, शत्रूसारखा काहीतरी आवाज, आणि पळायचं तर कुठे पळणार? दुसरी गोष्ट सीलची. २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात सीलची पिल्लं चटकन शिकली की टॅगचा आवाज येतो तिथे मासा असतो. आपण माशाला नाव दिलं आणि ते नाव त्याच्या मारेकऱ्यालाही ऐकू जातंय. ४४१७च्या पाण्यात सील नव्हते. पण हे वाचून झाल्यावर बराच वेळ मला हातावरचा तो जडपणा आठवत राहिला. टॅग लावलेला मासा कुणी गिळला तर टॅग त्याच्या पोटात बसून पुढे फिरत राहतो, आणि आम्ही तिकडे कौतुकानं लिहितो की वा, हा मासा यंदा लांब गेला. उलटंही होतं. एकाच जागी महिनोन्‌महिने नंबर येत राहतो, एक दिवसही खंड नाही, आणि मग लक्षात येतं की मासा तिथे नाहीच. तो मेला, किंवा टॅग त्याच्या अंगातून गळून पडला, आणि चिखलात पडलेला दांडा इमानदारीत आपला नंबर सांगत बसलाय. नंबर यायचा थांबला तरी कळत नाही आणि यायचा थांबत नाही तरी कळत नाही. मराठीत ‘गेला’ म्हटलं की दोन अर्थ होतात. आमच्या फायलीतही.

त्या झोप गेलेल्या रात्री मी शेवटी उठले आणि जुनी फाईल उघडली.

काकांचा दुसरा एक प्रश्न आठवला होता. “पुराच्या पाण्यात तो किती जोरात जात असेल?” तेव्हा मी ते बोलणं म्हणूनच ऐकलं होतं. आता कागद घेऊन हिशोब मांडला. शांत पाण्यात आमचा रिसीव्हर तीन-चारशे मीटरवरचंही ऐकतो. पण पुराच्या रात्री? गाळ, पाण्यातले बुडबुडे, वरून कोसळणारा पाऊस, लाटा. शंभर मीटर ऐकू आलं तरी खूप. म्हणजे अलीकडे शंभर, पलीकडे शंभर, दोनशे मीटरचा पट्टा. ओहोटी आणि पूर दोन्ही एकाच दिशेला ओढत असतील तेव्हा पाणी सेकंदाला दोन मीटर सहज धावतं, आणि मासा त्यावर स्वार. दोनशे मीटर पार करायला शंभर सेकंद. टॅग बोलतो सरासरी एकशेवीस सेकंदांनी एकदा. त्या पट्ट्यातून जाताना फार तर एकदा त्याचं तोंड उघडेल, आणि कदाचित एकदाही नाही. आम्ही मात्र म्हणतो, निदान दोनदा बोल, नाहीतर तू नाहीस.

हे कागदावर उतरल्यावर मी पेन खाली ठेवलं. डोहात घुटमळणाऱ्या माशाला हा नियम कधीच अडवत नाही, त्याच्या तर दिवसाला शेकडो नोंदी. जो खरोखर निघाला, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमका तोच नियमात सापडतो. मासा सगळ्यात वेगानं जातो त्याच रात्री आमचे कान सगळ्यात बहिरे. हे फक्त आवाजाच्या टॅगचंच नाही म्हणा. काही टॅग उजेड मोजतात, दिवस किती तासांचा आहे त्यावरून मासा कुठल्या अक्षांशावर आहे ते ताडतात. त्यांचंही २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास असंच होतं. दिवस-रात्र सगळीकडे सारखे, त्यामुळे काही आठवडे अक्षांशाचा पत्ताच लागत नाही.

मी त्या रात्रीचं सगळं उकरलं. अमावास्येनंतरचा दुसरा दिवस, म्हणजे उधाणाचं पाणी. ओहोटी सुरू होऊन तासभर झालेला. वर तीन दिवस पाऊस. सगळं जुळत होतं, इतकं की मला स्वतःचाच संशय आला. मग भुताची बाजू पाहिली. दोन-सतराच्या आसपास त्या रिसीव्हरपाशी आणखी कोण होतं? टॅग लावलेली एक बोय मासळी होती. तिचा नंबर संध्याकाळपासून अधूनमधून येत होता, शेवटचा दोन वाजून चौदा मिनिटांनी. एकटी. भूत जन्मायला साधारण दोघं लागतात. पण खडकावरून, बंधाऱ्याच्या भिंतीवरून परतलेला आवाजही कधी कधी दुसऱ्याचं काम करतो, आणि त्या मुखाशी एका बाजूला दगडी बांध आहेच. म्हणजे एक बोय आणि तिचाच प्रतिध्वनी, दोघांनी मिळून ४४१७चा नंबर उच्चारला असणं अशक्य नाही. दुर्मीळ आहे. अशक्य नाही. पहाट झाली तेव्हा मी जिथून सुरुवात केली होती तिथेच होते, फक्त डोळे जळत होते.

‘खोटी’ काढून ‘खरी’ लिहावं, एवढं धैर्य झालं नाही. रकाना रिकामा सोडून पाहिला, तर फाईल पुढे सरकेना. प्रश्नचिन्ह टाकलं, तेही घेईना. दोनच शब्द शिकवलेत त्याला. शेवटी मी शेजारच्या शेऱ्याच्या चौकटीत त्या रात्रीची ओहोटी, पाऊस, बोय आणि बांध, सगळं लिहून काढलं आणि ‘खोटी’ तशीच राहू दिली. ती चौकट सहसा कुणी उघडत नाही. वरिष्ठांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की नियम बदलायचा तर सगळ्याच ओळींना बदलावा लागेल, आणि मग भुतांचा पूर येईल. त्यांचं चूक नव्हतं. मला राग आला तो त्यांचं चूक नव्हतं म्हणूनच.

एक दार अजून उघडं होतं. जगभरचे लोक आपापल्या पाण्यात कान लावून बसलेले असतात आणि परक्याचा नंबर ऐकू आला की कळवतात. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात ओशन ट्रॅकिंग नेटवर्क आहे, ते अशा हरवल्या-सापडल्याच्या नोंदी जुळवतं. कुणाचा तरी शार्क भलत्याच कुणाच्या तरी रिसीव्हरवर नाव सांगून जातो आणि दोन अनोळखी माणसांचा पत्रव्यवहार सुरू होतो. ४४१७साठी मी काही दिवस मेल उघडताना उगाच हळू उघडायचे. किनाऱ्यानं वर किंवा खाली कुणाच्या तरी दारात तो एकदा जरी बोलला असता. दोनदा असता तर उत्तमच.

पुढच्या हंगामात मुखाजवळचा तोच रिसीव्हर काढायला गेलो. सकाळचं पाणी शिशासारखं, हलत नव्हतं. काकांनी दोर ओढला, नळकांडी वर आली ती नेहमीसारखी केसाळ, ओंगळ, एक खेकडा सुटून बोटीत पडला आणि फळीखाली पळाला. मी खरवडलं, पुसलं, लॅपटॉपला जोडलं. ओळी भराभर उतरू लागल्या. टॅगची बॅटरी तोवर संपत आलेली असणार हे मला ठाऊक होतं, तरी शोधाच्या चौकटीत चार आकडे घातले. खाली एकच ओळ उमटली : काही सापडलं नाही. काका माझ्याकडे बघत होते. कुणाला शोधतेय हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, पण ते काय, बोटीवर लपत नाही.

“नाही आला?”

“नाही.”

“मग गेला असेल,” ते म्हणाले, आणि नवी बॅटरी घातलेली नळकांडी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी काठावरून पाण्यात सोडली.